शेंडेफळाचा वाटा

१

आतडी धुण्यात गावात माझा हात कोणी धरत नाही. घोडा कापला की बायकांचं काम तिथून सुरू होतं. पुरुष मंडळी सुरी चालवतात, हाडं सांध्यात नेमकी सोडवतात, मिशांवरून हात फिरवतात आणि चहाला बसतात. आतडी राहतात आम्हाला. कोमट पाण्यात सात वेळा धुवा, मिठानं चोळा, पुन्हा धुवा, तेव्हा कुठं त्यात बरगडीचं मांस चरबीसकट भरता येतं. मीठ, मिरी, लसूण लावायचा, दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायची, की झाली कझी. डिसेंबरात एक घोडा कापला की मार्चपर्यंत घराला चिंता नाही. आमच्या उझिनबुलाकमध्ये ज्या घरात डिसेंबरात घोडा कापत नाहीत, त्या घरात कोणीतरी आजारी असतं नाहीतर कोणीतरी पीत असतं. मी गावची नर्स, मला दोन्ही ठाऊक असतं.

यंदा ती पाळी आमच्यावर येणार होती. वर्षभर चारून पुष्ट केलेली घोडी ऑक्टोबरात लांडग्यांनी फाडली. अंगणात राहिला एकटा करडा. करडा म्हणजे माझ्या दिराचा घोडा.

दिराचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, ही आमची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सदा नाक वाहणारा, पुढच्या दोन दातांत फट. मी त्याला शेंडेफळ म्हणायला लागले. पुढं त्याला मिशा फुटल्या तरी माझ्यासाठी तो शेंडेफळच राहिला. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, त्याची पहिली दारू मी उतरवलीय. मला पोटचं मूल झालं नाही, तेव्हा काय समजायचं ते समजा. गेल्या फेब्रुवारीत तो सुटलेल्या घोड्यांच्या मागे गेला आणि बर्फाचं पांढरं वादळ उठलं. तिसऱ्या दिवशी करडा एकटाच परत आला, खोगीर पोटाखाली लोंबत. बर्फ वितळल्यावर गावानं सगळी टेकाडं पालथी घातली, पण टोपीसुद्धा सापडली नाही.

मालक मेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापायची, वर्षभर मोकळा सोडायचा, आणि वर्षाच्या जेवणाला त्यालाच कापून गावाला वाढायचं, अशी आमच्यातली जुनी चाल. सासूबाईंनी शेपटीला कात्री लावू दिली नाही.

"माझा संझार मेला असं कोण म्हणतं? मढं दाखवा," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यामुळं दहा महिने करडा नुसता उभा. त्याच्यावर कोणी बसायचं नाही, त्याला जुंपायचं नाही. चार बोटं चरबी चढली त्याला. शेवटी मीच विषय काढला. आमचे हे, येसेन, मान खाली घालून बसले.

"कापा," सासूबाई म्हणाल्या. "पण माझ्या पोराचा वाटा काढून ठेवा."

असा वाटा आम्ही जिवंत माणसासाठी ठेवतो. परगावी असलेला मुलगा, सासरी गेलेली लेक. ते येईपर्यंत तो टांगलेला असतो, कोणी हात लावत नाही. मेलेल्याचा वाटा ठेवलेला मी कधी पाहिला नाही.

घोडा कापायला शेजारचा तोक्तार आला. ह्यांचा बालमित्र, हाताचा सफाईदार, तोंडाचा फाटका. त्यानं करड्याच्या शेपटीकडं पाहिलं. ती जमिनीला टेकत होती.

"वहिनी, एक सांगू? जित्या माणसाचा घोडा त्याला विचारल्याशिवाय कापत नाहीत. मेलेल्याचा वर्षाच्या आत कापत नाहीत. हा मग कुणाचा समजायचा?"

"पोटाचा," मी म्हणाले. "सुरी चालव, अक्कल नको चालवूस. मोठा आलाय उंटावरचा शहाणा."

सगळे हसले. तोक्तारनं दुवा पुटपुटली आणि करड्याचे पाय बांधायला दोर मागितला.

२

पहिल्या मांसाचं जेवण गल्लीला घालायचं असतं. तीस-बत्तीस माणसं आली. पिठाच्या रुंद पट्ट्यांवर मांस, वर कांदा, मग वाडग्यातून गरम रस्सा. असं मांस गेल्या पाच वर्षांत खाल्लं नाही, असं जो तो म्हणत होता. तोक्तारनं एकट्यानं चौघांचं खाल्लं. ह्यांनीही हात आखडता घेतला नाही. मी दोनच घास खाल्ले, कारण दिवसभर आतड्यांत हात घातला की माझी भूक मरते. सासूबाईंनी मांसाला बोट लावलं नाही. चहात पाव बुडवून खात राहिल्या. "तो आला की त्याच्याबरोबर खाईन," म्हणाल्या. उरलंसुरलं, हाडं, पोटातला कचरा कुत्र्याला गेला.

आमचा अक्तोस म्हणजे वासराएवढा कुत्रा. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी दवाखान्यातून घरी आले, तर तो अंगणाच्या मधोमध उभा. उत्तरेच्या टेकाडाकडं तोंड, कान टवकारलेले. मी हाक मारली, हाडूक दाखवलं, पण त्यानं पाहिलं नाही. पाच मिनिटांनी अंग झटकलं आणि काही घडलंच नाही असा येऊन माझा हात हुंगायला लागला. तिसऱ्या दिवशीही तेच, तीन वाजता. चौथ्या दिवशी अक्तोस नव्हता.

"कुत्री शोधायला गेला असेल," हे म्हणाले.

"पंधरा वर्षांचा कुत्रा? तुमच्यासारखाच दिसतोय, उशिरा अक्कल फुटणारा."

सहाव्या दिवशी सकाळी तो फाटकाशी आडवा पडलेला सापडला. जिवंत होता, पण चारही पायांत त्राण नव्हतं. मी त्याला घर तापवायच्या भट्टीजवळ आणला आणि कंदील धरून तपासला. तोंडाचे दोन्ही कोपरे फाटून मागपर्यंत गेले होते. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मागं, वीतभर जागेतले केस घासून गेले होते आणि खाली कातडं सोललेलं होतं. बाकी अंगावर ओरखडाही नाही. लांडगा गळा धरतो. मी बराच विचार केला आणि ह्यांना सांगितलं की कुठल्यातरी कुंपणाच्या तारेत अडकला असणार. ह्यांना पटलं. मलाही जवळजवळ पटलं. दुपार व्हायच्या आत अक्तोस मेला.

३

दोन दिवसांनी तोक्तारची बायको धावत दवाखान्यात आली. आदल्या दिवशी दुपारी जेवून तो बाहेर गेला होता, तो आत्ता सकाळी परत आला होता आणि बोलत नव्हता.

जाऊन पाहिलं तर तो पलंगावर पालथा पडलेला. आधी मला वाटलं, प्यायलाय. वास घेतला, दारूचा वास नव्हता. हाताचे तळवे सोललेले, गुडघे सोललेले, पँट दोन्हीकडं फाटून आत बर्फ चिकटलेला. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून रक्त येत होतं. मी मलम लावायला लागले तर मोठा गडी लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"थंडीनं ओठ फुटलेत," मी म्हणाले. माझं मलाच ते खोटं वाटलं.

"वहिनी," तो म्हणाला, "शिट्टी वाजली."

"कसली शिट्टी?"

"तुला ठाऊक आहे कसली. एक लांब, दोन आखूड."

मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेंडेफळ त्या दातांच्या फटीतून ती शिट्टी घालायचा आणि करडा, कुठंही असो, मान वर करून धावत यायचा. दुसऱ्या कोणाला ती कधी जमली नाही. दुपारी तीनला तो कळप वळवायला निघायचा, तेव्हा रोज वाजायची.

"मग तू काय केलंस?"

"गेलो."

"कुठं?"

"बोलावलं तिथं," तोक्तार म्हणाला. "पुढचं विचारू नकोस. पाठीला हात लावू नकोस."

पाठीला हात लावल्याशिवाय तपासणार कशी? मी सदरा वर केला. खांद्यांच्या मागं वीतभर जागेत कातडं लाल होऊन फुगलं होतं. मी सदरा खाली सोडला आणि वेदनेची गोळी दिली. तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला. रस्ता बर्फानं बंद आहे, आठवडा तरी लागेल, असं उत्तर आलं.

घरी आल्यावर ह्यांच्या जेवणाला मांस काढायला मांसाच्या खोलीत गेले. अंगणाच्या कोपऱ्यात ती विनाभट्टीची खोली. बाहेर उणे एकतीस होतं. टांगलेलं सगळं मांस दगड झालेलं. कुऱ्हाडीशिवाय तुटायचं नाही. शेंडेफळाचा वाटा खिळ्याला वेगळा होता, मागच्या मांडीचं मोठं हाड आणि दोन कझी. त्याला खांदा घासला आणि मी थबकले. हातमोजा काढून अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मांस मऊ होतं, आणि गार नव्हतं.

४

आता मी नर्स आहे. वीस वर्षं लोकांच्या भुताखेतांवर मी तापाच्या गोळ्या दिल्यात. मी मनाशी म्हटलं, चरबी जास्त आहे, गोठायला वेळ लागतो. शेजारच्या कझीत चरबी त्याहून जास्त होती आणि ती लोखंड झाली होती, हे मला दिसत होतं. तरी मी तेच म्हणत घरात आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही तिघं चहाला बसलो होतो. उन्हं पिवळी होऊन खिडकीतून आत आली होती. हे चहाचं वाडगं तोंडाशी नेत होते. वाडगं मधेच थांबलं. ह्यांची मान वर झाली आणि, मी खोटं सांगत नाही, कानांमागची कातडी हलली. मी विचारणार होते, काय झालं.

मग मला ऐकू आली. कानात नव्हे, खाली, जिथं अन्न असतं तिथं. एक लांब, दोन आखूड.

आणि लगेच पायाला गार लागलं. मी नुसत्या मोज्यांवर अंगणात उभी होते, फाटकाच्या अलीकडं. उठल्याचं आठवत नाही, दार उघडल्याचं आठवत नाही. हे माझ्या पुढं, घोडा बांधायच्या खांबाजवळ पोचले होते, मान थोडी खाली घालून. खाली गल्लीत सात-आठ फाटकांशी माणसं उभी होती. सगळ्यांची तोंडं टेकाडाकडं. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. सगळी आमच्याकडं जेवायला आलेली माणसं.

मागून सासूबाईंची काठी ह्यांच्या पोटरीवर बसली.

"कसली हुक्की आली रे दोघांना? चहा टाकून बर्फात काय नाचताय?"

हे कळवळले आणि भानावर आले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आई, त्याची शिट्टी वाजली."

म्हातारीची काठी हातातून पडली. तशीच ती फाटकापर्यंत गेली, टोपडं मागं सारून कान उघडा केला, उभी राहिली. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. आम्ही तिला आत आणलं तेव्हा कान पांढरा पडला होता.

"कशी वाजली? नीट सांग. जवळ होता का? दमलेला वाटला का?" ती ह्यांना विचारत राहिली. मग माझ्याकडं वळली. "झौरेश, माझ्या कानात औषध घाल. सगळ्या गल्लीला ऐकू येतं, आणि मला, त्याच्या आईला नाही?"

मी कानात तेलाचे दोन थेंब घातले. तिचे कान चांगले होते. भिंतीपलीकडं कुजबुजलेलं तिला ऐकू यायचं. रोज तीनला ती खिडकीशी जाऊन बसायची, तिच्या तोंडाकडं मला बघवायचं नाही.

म्हातारी होती, पण खुळी नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी जेवायला कोण कोण आलं होतं गं?"

मी नावं सांगितली. तिनं मान हलवली.

५

तोक्तार तिसऱ्यांदा गेला तो गवताच्या गंजीमागं सापडला. गोठून गेला होता. लोकांनी उताणा करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तो गुडघ्यांवर आणि हातांवर होता, चार पायांवर असल्यासारखा. तसाच घोंगडीत गुंडाळून घरी आणला. गल्लीत कोणी मोठ्यानं रडलं नाही. घरोघरी दुपारी दारं लागायला लागली. रेडिओ मोठ्यानं लागायचे.

त्याच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यातून यायला दहा मिनिटं उशीर झाला. घरात सासूबाई दारात बसून कपाळ बडवत होत्या. "मी काठीनं मारलं, हाताला लोंबकळले, तरी थांबला नाही. माझ्या हातातनंच गेला." मी टेकाडापर्यंत धावले. ह्यांचे माग काही अंतर दोन पायांचे होते. पुढचे मी पाहिले आणि परत फिरले.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आले. रांगत आले. ओठांचे कोपरे फाटलेले, तळवे सोललेले. पंचवीस वर्षांचा माझा संसार उंबऱ्यात पडला होता आणि फाटलेल्या ओठांनी माझी माफी मागत होता. मी मलम लावत शिव्या घातल्या, सगळ्यांना घातल्या, शेंडेफळालाही घातल्या. मग तोंडात डोक्याचा रुमाल कोंबून रडले.

"तो कसा दिसतो?" मी शेवटी विचारलंच.

"मी त्याला पाहत नाही," हे म्हणाले. "मला फक्त पुढचं दिसतं. तो मागं असतो." थोड्या वेळानं म्हणाले, "तो रागावलेला नाही गं. थापटतो. त्याला घरी यायचंय, पण वाट त्याला उलटीच दिसते. घराकडं म्हणून हाकतो, आणि आपण लांबच जातो."

कुत्रा एका फेरीत मेला, तोक्तार तीन फेऱ्यांत. हे बावन्न वर्षांचे, छाती कमजोर. मी अडीचला त्यांना पलंगाला बांधायला लागले. घोड्याच्या पायाला घालायचा जाड दोर. तीन वाजले की ते अंग ताणायचे, मान वर फेकायचे, तोंडाला फेस यायचा. पलंग जागचा हलायचा. मी भट्टीचं लोखंडी दार दोन्ही हातांनी धरून बसायची. दोन घास खाल्ले होते म्हणून वाचले, नाहीतर मला कोणी बांधलं असतं? हाताला चटके बसायचे. बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दोर तुटला, दार अडवून मी आणि म्हातारी दोघी आडव्या पडलो तेव्हा थांबले. मग मी झोपेचं इंजेक्शन द्यायला लागले. झोपेत मान नुसती थरथरायची. गुरुवारी कपाटात एकच उरलं. रस्ता अजून बंद होता.

६

शुक्रवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. डोक्याला पांढरं टोपडं स्वच्छ धुतलेलं.

"सूनबाई, त्याचा वाटा शिजव."

मी पातेलं घासत होते, घासत राहिले. "आई, तो त्याच्यासाठी ठेवलाय."

"तो दारात आलाय की. माणूस दारात उभा आणि आपण त्याला ताटकळत ठेवलाय."

"तुम्हाला दात नाहीत."

"बारीक चिर."

"आई, तुम्हाला ठाऊक आहे ना, ज्यानं ज्यानं खाल्लं—"

"ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. उगाच डोळे पुसू नकोस, कांदा चिर."

मी तिच्याकडं पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई. वाऱ्यानं उडेल एवढी. मी म्हणाले, "तुमच्यानं झेपेल का ते?"

"एवढासा होता तेव्हा पाठुंगळीला घेऊन गुरं राखलीत मी," ती म्हणाली. "त्याचं ओझं मला नवं नाही. तो माझ्या एका पोराला घेऊन चाललाय, मी बघत बसू? आणि मला त्याची हाक ऐकायचीय, झौरेश. दहा महिने मी दुसरं काही मागितलंय का?"

मी नाही म्हणू शकले असते. वाटा उचलून जाळता आला असता. शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं. मी आतल्या खोलीत डोकावले. हे झोपले होते, ओठांवर मलमाचा पिवळा थर. मी मांसाच्या खोलीत गेले आणि वाटा खिळ्यावरून काढला. तो अजून मऊ होता, आणि हातात घेतल्यावर ऊब लागली.

तीन तास शिजला. घरभर वास पसरला, चांगला वास, तोंडाला पाणी सुटणारा. लाज वाटते सांगायला. मी पट्ट्या लाटल्या, मांस नखाएवढं बारीक चिरलं, वर कांदा टाकला, मोठ्या पाहुण्याला वाढतात तसं समोर ठेवलं. तिनं हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं, आणि सगळं खाल्लं. रस्सा प्याली. हाडातला मगज काडीनं कोरून मागितला. एवढं तिला जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"मीठ बेताचं आहे," ती म्हणाली. माझ्या स्वयंपाकाला तिनं पंचवीस वर्षांत दिलेलं पहिलं चांगलं नाव.

अडीचला मी शेवटचं इंजेक्शन ह्यांना टोचलं. मग भट्टीशी जाऊन बसले आणि दार धरलं. ती खिडकीशी बसली. घड्याळाची टिकटिक होती आणि भट्टीत कोळसा फुटत होता.

तिची मान वर झाली.

"अगं बाई," ती म्हणाली. चेहरा एकदम उजळला, मुलीसारखा. "आलं. ऐकू आलं. केवढा जवळ आहे गं!"

माझ्या पोटातही वाजली, पण लांबून, दुसऱ्या कोणाला हाक मारल्यासारखी. मी दार सोडून उठले. तिला लोकरी नमद्याचे बूट मीच घातले, तिचे पाय थरथरत होते, जाण्याच्या घाईनं. शाल मीच बांधली. दार मीच उघडलं. तिनं काठी घेतली नाही.

मी खिडकीशी आले. बघायचं नव्हतं, तरी आले. लख्ख ऊन, सगळं पांढरं, डोळे दिपत होते. ती खांबाजवळ पोचली होती आणि मान झुकवून उभी होती. तिच्यामागं उन्हात काहीतरी उंच उभं होतं. मला चेहरा दिसला नाही. फक्त एक हात दिसला, मोज्याशिवायचा, निळा पडलेला. त्यानं तिच्या मानेवर दोनदा, हलक्यानं थापटलं. करड्याला थापटायचा तसाच. मी पडदा ओढला.

७

हे संध्याकाळी उठले तेव्हा अंगाला ताण नव्हता. आई कुठाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दुपारी माझा डोळा लागला, उठले तर नव्हत्या.

सकाळी गावानं माग काढला. मीही गेले. फाटकापासून खांबापर्यंत तिच्या बुटांचे लहान ठसे होते. खांबाशी दुसरे ठसे होते, मोठ्या बुटांचे, टेकाडाकडून आलेले. तिथून पुढं एकच माग होता, लहान बुटांचा. पण प्रत्येक ठसा गुडघाभर खोल होता आणि दोन ठशांमधलं अंतर धावणाऱ्या माणसाचं होतं. लोकांनी ते पाहिलं. कोणी मान वर करून दुसऱ्याकडं बघितलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीनं दोघं जण बावीस किलोमीटर गेले, तेल संपत आलं म्हणून परतले. माग पुढं सरळ जात होता, म्हणाले. मधे कुठं बसल्याची खूण नाही.

"काल आईनं काय खाल्लं होतं?" ह्यांनी त्या दिवशी विचारलं. मांसाच्या खोलीतून ते नुकतेच आले होते.

"चहा घेतला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग वाडगं पुढं केलं. मी चहा ओतला. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आम्ही एका पलंगावर झोपत नाही.

आज अकरावा दिवस. रस्ता मोकळा झालाय. ह्यांचे ओठ भरून आलेत, गल्लीत रेडिओ पुन्हा हळू लागतात. शिट्टी वाजत नाही; आई चालताहेत तोवर वाजणार नाही. मार्च यायला अजून दोन महिने आहेत. रोज तीन वाजता मी भट्टीचं दार धरून बसते आणि मनातल्या मनात म्हणते, आई, बसू नका हं. दमलात तरी बसू नका. अजून थोडं चाला.